लहर जागेवर कां राहत नाहीं ?

हौशी रेडिओयंत्राच्या कंपनसंख्येविषयीं कांहीं व्यवहार्य विचार

मोजमापाचें उपकरण जो आकडा दाखवितें तोच खरा, असें मानण्याकडे आपणां सर्वांचाच कल असतो. भिंतीवरील घड्याळांत नऊ वाजले कीं घरांत नऊ वाजले. मुलाच्या काखेंत ठेवलेल्या उष्णतामापकानें ताप नाहीं असें सांगितलें कीं मुलाला ताप नाहीं. नित्याच्या व्यवहाराला एवढा विश्वास पुरतो, व तो असावा हेंही योग्यच आहे. परंतु कांहीं छंद असे आहेत कीं, त्यांत हा विश्वास फार दिवस टिकत नाहीं. हौशी रेडिओचा छंद हा त्यांपैकीं एक होय. ज्या घरांतील एखादा मुलगा, एखादी मुलगी किंवा नोकरींतून मोकळे झालेले काका या छंदाच्या नादीं लागले आहेत, त्या घरांतील इतर मंडळींच्या कानीं "आज सेट पुन्हां सरकला" हें वाक्य वारंवार पडत असेल. हें सरकणें म्हणजे काय, तें कां होतें आणि त्यावर उपाय कोणता, याचा थोडा सविस्तर विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हौशी रेडिओवाला, ज्याला जगभर 'हॅम' म्हणतात, तो केवळ ऐकणारा नसतो; तो बोलणाराही असतो. त्यासाठीं सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. त्याच्या टेबलावरील ट्रान्सीव्हर नांवाचें यंत्र लहरी घेणें व लहरी सोडणें हीं दोन्ही कामें एकाच पेटींत करितें. या यंत्राच्या पोटांत ऑसिलेटर म्हणून एक भाग असतो. तो सेकंदाला लक्षावधि विद्युत्-कंपनें निर्माण करितो, आणि तीं किती, यावर आपण कोणाचें बोलणें ऐकूं व आपलें बोलणें कोठें जाईल हें ठरतें. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ, हजार म्हणजे एक किलोहर्ट्झ आणि दहा लक्ष म्हणजे एक मेगाहर्ट्झ. आपल्या देशांतील हौशी मंडळी ज्या पट्ट्यावर विशेषेंकरून जमतात, तो ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असा आहे. त्यालाच चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात.

आकडा हाच पत्ता

रेडिओच्या जगांत घरक्रमांक व आळी यांना अर्थ नाहीं. कंपनसंख्येचा आकडा हाच तेथील पत्ता होय. याचें उत्तम उदाहरण आपल्या मुंबईच्या इतिहासांत सांपडतें. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यांत 'छोडो भारत' चळवळ पेटतांच उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालू केला, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांचा छापा पडेपर्यंत तो बोलत राहिला. यंत्र पोलिसांच्या हातीं लागूं नये म्हणून तें एका जागेवरून दुसऱ्या जागीं हलवावें लागे. केंद्राचें ठिकाण श्रोत्यांपासून लपविलेलें असे; उघडपणें सांगितली जाई ती लहरीची लांबी मात्र : ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगास या लांबीनें भागिलें कीं सुमारें ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. म्हणजे ही लहर आजच्या चाळीस मीटरच्या हौशी पट्ट्यांतच पडते. लांबींत एका सेंटिमीटरचा फरक पडला कीं कंपनसंख्येंत सुमारें १.७ किलोहर्ट्झचा फरक पडतो, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्या काळच्या प्रक्षेपणपद्धतींत असा लहानसा फरक खपून जाई. आजच्या हौशी मंडळींचें बोलणें बहुधा 'सिंगल साइडबँड' या पद्धतीनें चालतें. तींत मूळ वाहक लहर गाळून टाकलेली असते, व ऐकणाऱ्याच्या यंत्रानें ती स्वतःच्या पोटांत तयार करून पुन्हां मिसळावयाची असते. ही मिसळलेली लहर शंभर-दोनशें हर्ट्झनीं चुकली, तरी ओळखीच्या माणसाचा आवाज बदकासारखा चिरका किंवा विहिरींतून आल्यासारखा घोगरा होतो. हजार हर्ट्झनीं चुकली तर शब्द कळेनासे होतात.

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप व २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप या दोन्ही प्रसंगीं हौशी रेडिओवाले आपापले सेट घेऊन मदतीस धांवले. डिसेंबर २००४ मध्यें भारती प्रसाद यांचें पथक याच छंदाच्या एका मोहिमेनिमित्त अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें होतें. २६ तारखेस त्सुनामीची लाट आली, आणि छंदासाठीं नेलेल्या त्याच यंत्रांवरून बेटांवरील मंडळींचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊं लागले. अशा वेळीं निरनिराळ्या गांवांचे लोक एका ठरलेल्या आकड्यावर कान लावून बसलेले असतात. ज्याचा सेट दोन किलोहर्ट्झनीं सरकला, तो आपल्या समजुतीनें त्या सभेंत बोलत असतो. प्रत्यक्षांत तो शेजारच्या रिकाम्या खोलींत बोलत असतो. जखमींची संख्या किंवा औषधाचें नांव सांगावयाचें असतां असें होणें किती घातक, तें सांगावयास नकोच.

दोन निराळे विकार

आकडा चुकण्याचे दोन प्रकार आहेत, व ते एक समजले गेल्यामुळें पुष्कळ श्रम वायां जातात. एखादें घड्याळ नेहमींच पांच मिनिटें पुढें असतें. तें चुकीचें खरें, पण तें भरंवशाचें आहे. कांटा एकदां मागें घेतला कीं काम झालें. दुसरें घड्याळ सकाळीं दोन मिनिटें पुढें, तर दुपारीं चार मिनिटें मागें जातें. त्याचे कांटे कितीही वेळां फिरविले तरी उपयोग नाहीं. तेथें यंत्रच उघडून पाहिलें पाहिजे. रेडिओंतील पहिल्या विकारास आपण 'स्थिर चूक' म्हणूं व दुसऱ्यास 'सरक' म्हणूं. स्थिर चुकीवर उपाय जुळणीचा, म्हणजे खऱ्या मानाशीं ताडून आकडा नीट लावण्याचा. सरकीवर उपाय कारण शोधून तें दूर करण्याचा. यांचा क्रमही ठरलेला आहे : आधीं स्थैर्य, मग जुळणी. हा क्रम उलटा केला तर जुळणी दररोज नव्यानें करावी लागते.

आमच्या पाचोऱ्यांतील एका तरुणाचा सेट पाहण्याचा योग आम्हांस आला होता. त्याची बैठक माडीवरच्या पत्र्याच्या खोलींत. दुपारीं लावलेला आकडा रात्रीं जुळत नसे. म्हणून तो रोज रात्रीं पेटी उघडून ट्रिमर नांवाचा लहानसा स्क्रू किंचित् फिरवीत असे. कांहीं महिन्यांत त्या स्क्रूची खांच झिजली, त्याची पकड ढिली झाली, आणि मूळच्या सरकीवर आणखी एका दोषाची भर पडली. वास्तविक ट्रिमरचा त्यांत कांहींच अपराध नव्हता. वीज सम राखणारा रेग्युलेटर नेमका ऑसिलेटरच्या कॉइलखालीं बसविलेला होता, व त्याची ऊब हळूहळू वर चढत होती. तो रेग्युलेटर पेटीच्या मागील पत्र्यावर नेऊन बसविला, तेव्हां निम्म्याहून अधिक तक्रार तेथेंच संपली.

उष्णतेची करामत

सरकीचें मुख्य कारण उष्णता होय, आणि आमच्या खानदेशांत तिची वाण नाहीं. मे महिन्यांत जळगांव जिल्ह्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास चढतो, व पहांटे तोच बराच खालीं उतरतो. साध्या ऑसिलेटरची कंपनसंख्या तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, आणि कंडेन्सर या दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर व्यस्त प्रमाणांत अवलंबून असते. तांब्याची तार दर अंशास आपल्या लांबीच्या सुमारें सतरा दशलक्षांश वाढते. कॉइल फुगली कीं तिचा विद्युत्-गुण वाढतो. कंडेन्सरही आपापल्या जातीप्रमाणें वाढतो किंवा घटतो. आंकडा दिसावयास क्षुल्लक. पण त्याला गुणावयाचें असतें तें लक्षावधींनीं.

उदाहरणार्थ, कॉइल व कंडेन्सर मिळून दर अंशास ७५ दशलक्षांशांची वाढ होते असें समजा. वर्गमुळामुळें कंपनसंख्या त्याच्या निम्म्यानें, म्हणजे ३७.५ दशलक्षांशांनीं उतरेल. ऑसिलेटर ५ मेगाहर्ट्झचा असल्यास दर अंशास सुमारें १८८ हर्ट्झ, व पेटींतील हवा दहा अंशांनीं तापली तर जवळजवळ १,९०० हर्ट्झ. सकाळीं ठरल्या जागीं असलेला सेट दुपारपर्यंत दोन किलोहर्ट्झ खालीं कां जातो, याचा उलगडा एवढ्या त्रैराशिकानें होतो.

अलीकडच्या यंत्रांत कॉइलच्या जागीं स्फटिकाचा आधार घेतलेला असतो. हैदराबादचे अशर फरहान यांनीं अल्प खर्चांत घरीं जुळवितां येणारा 'बिटएक्स' नांवाचा सेट रचून हा छंद पुष्कळांच्या आवाक्यांत आणिला. त्याच्या आरंभीच्या रूपांत कॉइलचा ऑसिलेटर होता. पुढील रूपांत स्फटिकावर चालणारी, अंकांनीं कंपनसंख्या घडविणारी चकती आली, आणि सरकीचा त्रास एकदम कमी झाला. तथापि स्फटिकही निर्दोष नाहीं. सामान्य स्फटिक सुमारें ३५ अंशांच्या कोनांत कापलेला असतो. त्यामुळें २५ अंश सेल्सिअसच्या आसपास त्यावर उष्णतेचा परिणाम अगदीं थोडा होतो. परंतु पत्र्याच्या खोलींतील दुपार २५ अंशांपासून फार दूर असते. शिवाय स्फटिक वयपरत्वें दर वर्षीं किंचित् बदलतो, तो निराळाच.

निदानाची रीत

वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. येथेंही तोच न्याय. सेट चालू केल्यापासून दर पांच मिनिटांनीं, एक तासभर, एखाद्या खात्रीच्या लहरीशीं ताडून फरक वहींत टिपावा, व शेजारीं खोलीचें उष्णतामान लिहावें. या एका कोष्टकावरून बरेंच कळतें.

फरक आरंभीं झपाट्यानें वाढून अर्ध्या-पाऊण तासानें थांबत असेल, तर ती सेट तापण्याची नैसर्गिक सरक होय. काम सुरू करण्यापूर्वीं तेवढा वेळ सेट चालू ठेवणें हाच साधा उपाय. आकडा हळूहळू न सरकतां एकदम उडी मारीत असेल, तर दोष उष्णतेचा नव्हे. एखादा डाग कच्चा राहिला आहे, पट्टा बदलण्याच्या स्विचवर मळ आहे, किंवा ट्रिमर ढिला आहे. पेटीजवळ हात नेतांच सूर बदलत असेल, तर झांकण किंवा अर्थिंग नीट नाहीं. घरांतील पाण्याचा पंप सुरू होतांच आकडा हालत असेल, तर वीजपुरवठा सम नाहीं. आणि बोलण्यासाठीं कळ दाबतांच सूर चिवचिवूं लागला, तर पुढील टप्प्यांचा भार ऑसिलेटरपर्यंत मागें पोंचतो आहे असें समजावें.

स्फटिकाच्या सेटाला आणखी एक कसोटी आहे. निरनिराळ्या पट्ट्यांवर चूक मोजावी. मूळ स्फटिक २० दशलक्षांशांनीं चुकला असेल, तर ७.१ मेगाहर्ट्झवर १४२ हर्ट्झ, १४.२ वर २८४ व २८.४ वर ५६८ हर्ट्झ अशी चूक प्रमाणानें वाढत जाईल. चूक सर्व पट्ट्यांवर सारखीच येत असेल, तर मूळ स्फटिक निर्दोष आहे. वाहक लहर मिसळणारा दुसरा ऑसिलेटर तपासावा. ही कसोटी न लावतां भलताच भाग जुळविल्यास एक पट्टा सुधारतो आणि बाकीचे बिघडतात.

नेमका कोणता भाग तापतो आहे हें शोधण्यास कागदाची बारीक नळी करून एकेका भागावर फुंकर घालावी, किंवा डाग देण्याच्या तापलेल्या इस्त्रीचें टोंक न टेकवितां क्षणभर जवळ धरावें. ज्या भागाशीं सूर सर्वांत अधिक हालेल तो अपराधी. मात्र व्हॉल्वच्या जुन्या सेटांत शेंकडों व्होल्ट खेळत असतात, आणि स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरांत प्राणघातक वीज सांठून राहते. तेथें नवशिक्यानें जाणत्या माणसावांचून हात घालूं नये.

उपचार

अपराधी सांपडल्यावर उपाय फारसे खर्चाचे नाहींत. ऑसिलेटरचे भाग उष्णता सोडणाऱ्या भागांपासून दूर, स्वतंत्र धातूच्या डबींत ठेवावेत. कॉइलची तार घट्ट गुंडाळून हलणार नाहीं अशी बसवावी. ऑसिलेटरला स्वतंत्र रेग्युलेटर द्यावा. 'एनपीओ' जातीचे कंडेन्सर उष्णतेनें फारसे बदलत नाहींत, म्हणून साध्या सिरॅमिकच्या जागीं ते घालावेत.

एवढ्यानेंही सरक उरलीच, तर विषास विषाचा उतारा आहे. 'एन ७५०' जातीचा कंडेन्सर दर अंशास ७५० दशलक्षांशांनीं घटतो. वरील उदाहरणांत एकंदर धारणा १०० पिकोफॅरड असून तींतील १० पिकोफॅरड या जातीचे घातले, तर दहावा हिस्सा म्हणून ७५ दशलक्षांशांची घट होते, व ७५ ची वाढ तेवढ्यानें भरून निघते. प्रत्यक्षांत हिशेब इतका गोड जुळत नाहीं. दोन-तीन वेळां किंमत बदलून पुन्हां तासाभराचें कोष्टक मांडावें लागतें. हें काम कंटाळवाणें आहे, पण एकदांच करावयाचें आहे.

खरें मान कोठून आणावें ?

सेट स्थिर झाला, आतां जुळणी. येथें मुख्य अडचण अशी कीं, सेटाची साक्ष सेटाविषयीं चालत नाहीं. डायलवर सात आंकडे चमकले म्हणून ते खरे ठरत नाहींत; ते ज्या स्फटिकापासून निघाले, तोच चुकला असेल तर सातही चुकीचे. प्रमाण बाहेरूनच आणिलें पाहिजे.

सुदैवानें असें प्रमाण आकाशांतून फुकट मिळतें. अमेरिकेंतील फोर्ट कॉलिन्सचें 'डब्ल्यूडब्ल्यूव्ही', हवाई बेटांवरील 'डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच' व चीनमधील 'बीपीएम' हीं केंद्रें आण्विक घड्याळांवर चालतात, आणि १० मेगाहर्ट्झवर वेळेचे ठोके देतात. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचें 'एटीए' हें केंद्रही पूर्वीं याच आकड्यावर ऐकूं येत असे. भारतीय प्रमाणवेळ आजही त्याच प्रयोगशाळेच्या आण्विक घड्याळांवरून ठरते.

जुळणीची रीत तंबोरा लावणाऱ्या घरास नवी वाटणार नाहीं. जोडाच्या दोन तारा जवळजवळ एका सुरांत आल्या कीं आवाज लाटेप्रमाणें चढूं-उतरूं लागतो. तारा जसजशा जुळतात तसतशा लाटा मंद होतात, व पूर्ण जुळतांच थांबतात. सेटांतही आकाशांतील लहर व आपली लहर यांच्यांतील फरकच सुराच्या रूपानें ऐकूं येतो. डायल ९,९९९ किलोहर्ट्झवर ठेवून वरच्या साइडबँडवर ऐकलें, तर बरोबर १,००० हर्ट्झचा सूर आला पाहिजे. नंतर १०,००१ वर ठेवून खालच्या साइडबँडवर ऐकावें. तेथेंही तोच सूर यावा. दोन सुरांत फरक पडल्यास त्याच्या निम्मी चूक मूळ आकड्याची. ज्यांचा कान सुरांत तयार नाहीं त्यांनीं भ्रमणध्वनीवरील सुराचा आकडा दाखविणाऱ्या साधनाची मदत घ्यावी. आकाशांतील वातावरणाचे थर वर-खालीं हालत असल्यामुळें एखाद-दुसऱ्या हर्ट्झचा फरक सूर नीट असूनही दिसतो; त्याच्या मागें लागूं नये. त्याहून सूक्ष्म मान हवें असल्यास उपग्रहांच्या घड्याळांवरून १० मेगाहर्ट्झ काढून देणारीं साधनें आतां बाजारांत मिळतात.

जुळणी सेट पुरेसा तापल्यावर व ज्या वेळीं आपण नित्य बोलतों त्याच वेळीं करावी. पट्ट्याच्या कडेशीं बोलणाऱ्यांनीं तर विशेष जपावें. खालच्या साइडबँडचें बोलणें डायलच्या आकड्याखालीं सुमारें तीन किलोहर्ट्झ पसरतें; म्हणून ७,००३ वर बोलणाऱ्याचा सेट एक किलोहर्ट्झ खालीं सरकला, तर त्याचा आवाज परवान्याच्या हद्दीबाहेर पडतो, आणि सेट सरकला ही सबब नियमापुढें चालत नाहीं.

जुनाच विचार

हा सर्व विचार आपल्याकडे नवा नाहीं. लग्नघरीं मुहूर्त साधण्यासाठीं पाण्यांत सोडलेलें घटिकापात्र पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. बुडाशीं छिद्र असलेली ती वाटी एका घटिकेंत, म्हणजे २४ मिनिटांत बुडावी. पण छिद्र किती मोठें ? सूर्यसिद्धान्तानें याचें उत्तर देतांना एका अहोरात्रांत साठ वेळां बुडेल तेंच पात्र खरें, असें लक्षण सांगितलें आहे. पात्राची परीक्षा पात्रानें नव्हे, तर सूर्यानें करावयाची. छिद्रांत क्षार जमला, पात्राला पोंचा आला, तर तें सरकणार हें आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें.

पाचोऱ्याहून मनमाडच्या बाजूस रेल्वेनें निघालें कीं वाटेंत चाळीसगांव लागतें. त्याच्याजवळ पाटणें येथें यादवकालीन शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला, असें त्यावरून कळतें; डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो उजेडांत आणिला. त्या मठांत शिकविल्या जाणाऱ्या सिद्धान्तशिरोमणींत (इ. स. ११५०) यंत्राध्याय म्हणून एक प्रकरण आहे. त्यांत आचार्यांनीं शंकु, घटी, चक्र, चाप, फलक इत्यादि यंत्रें वर्णिलीं आहेत, व शेवटीं धीयंत्र, म्हणजे बुद्धि, हें सर्वांत श्रेष्ठ यंत्र सांगितलें आहे. हा यंत्रांचा अनादर नव्हे, कारण इतर यंत्रांचें वर्णनही त्यांनीं तितक्याच काळजीनें केलें आहे. कोणत्या यंत्राचें कोणतें म्हणणें कितपत मानावें, हें ठरविणारें यंत्र मात्र पेटींत मिळत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

ज्या घरांत हा छंद आहे तेथील वडील मंडळींस आमची एक सूचना आहे. नवा, महागाचा सेट घेऊन देण्यापूर्वीं मुलांस एक कोरी वही द्यावी. उन्हाळ्यांतील आठ दिवस व हिवाळ्यांतील आठ दिवस, ठरल्या वेळीं, १० मेगाहर्ट्झच्या लहरीशीं ताडून फरक व खोलीचें उष्णतामान तींत लिहवून घ्यावें. सोळा दिवसांचें तें कोष्टक पुरें झाल्यावर जुना सेट खरोखर टाकाऊ आहे, कीं त्याला केवळ एक कंडेन्सर व थोडी सावली हवी आहे, याचा निकाल मुलांचा मुलांनाच देतां येईल.